गळती शून्य

३ फेब्रुवारी

ताई,

मिशीचं काय घेऊन बसलीस? मी विचारलं काय आणि तू लिहितेस काय! मी विचारलं बाबांच्या मशीनचे आकडे काय येतात. तू अख्खं पान भरून लिहिलंस की माझा फोटो बघून बाबांनी जेवताना तोंड फिरवलं आणि पोराचं थोबाड सोललेल्या बटाट्यासारखं दिसतंय म्हणाले. दिसू दे. मी काय हौसेनं काढली? इथे लोखंडी नळाच्या आत शिरून वाळूच्या माऱ्यानं गंज काढायचा असतो. मास्क नीट बसला नाही तर ती धूळ थेट छातीत. रोज सकाळी मुकादम एकेकाच्या मास्कचं पुढचं भोक तळव्यानं दाबून धरतो आणि म्हणतो, ओढ श्वास. मास्क गालाला चिकटला तर आत जायचं. कडेनं हवा आली तर घरी. मिशीच्या केसांतून हवा येते, हे मी तिसऱ्यांदा लिहितोय. बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

आता कामाचं. तू लिहितेस, "मशीन आलं, बाबांचं बरं आहे." बरं आहे हा काय आकडा झाला का? स्टिअरिंगवर बाबांचा डोळा लागला, कंपनीची बस दिवा लाल असताना आपोआप पुढे सरकली आणि फर्निचरच्या दुकानाच्या पायरीला जाऊन टेकली, तेव्हाही तू "बरं आहे" असंच लिहिलं होतंस. आत कामगार बसले होते. नशीब, पायरी होती. माणूस असता तर?

मला भीती वाटते म्हणून विचारतो. बाबांना वायरी लावून झोपवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले ना, की झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून उठवतो, परत मिटतो, रात्रभर तेच. आपल्याला नवीन आहे का ते? भिंतीपलीकडचं घोरणं मधेच बंद पडलं की तू माझा हात धरायचीस. मग मोटर चालू झाल्यासारखा आवाज यायचा आणि तू हात सोडून द्यायचीस. अजून इथे बराकीत कुणी घोरायचं थांबलं की मला जाग येते. हात मात्र कुणाचा धरणार? शेजारी वेल्डर झोपतो, मारेल.

कंपनीनं अट घातलीय की महिनाभर हे नाकातून हवा सोडणारं मशीन लावून झोपल्याचं दिसलं तरच स्टिअरिंग, नाहीतर फाटकावर स्टूल टाकून बसा. मग मशीनवर काय दिसतं ते मला लिही. इथे फोन खाली चौकीवर जमा करतात आणि वर डोंगराच्या पोटात रेंजही नाही. शिध्याची गाडी आठवड्यातून एकदा टपाल नेते-आणते, तेवढाच आधार.

एक आईला सांगू नकोस. एप्रिलात मी हे सोडणार. बोटीवर रंगकामाला माणसं घेतायत. एजंटाला द्यायचे पैसे जमत आलेत. म्हण आता, भोवरा तो भोवराच.

तुझा, सोललेला


१२ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "त्याला लिही, त्याच्या मुकादमाला माझ्याकडे पाठव. बघू माझ्या मिशीला कोण हात लावतो." म्हणजे तब्येत तशी ठीक आहे.

आकडे हवेत ना, घे. सकाळी मशीनच्या काचेवर तीन ओळी येतात. पहिली, किती तास लावलं. काल एक तास वीस मिनिटं. दुसरी, गळती. ती चाळीसच्या वर जाते आणि शेजारी लाल तोंडाचं चित्र येतं. तिसरी, तासाला किती वेळा श्वास अडला. काल एकोणीस. मशीन बसवायला आलेला पोरगा म्हणाला होता, पाचच्या खाली यायला हवा.

लावतात कसे ते ऐक. नाकावर रबरी कटोरी, डोक्यामागून पट्टे, पुढे सोंड. पहिल्या दिवशी आई हसता हसता खाली बसली. बाबांना ते आवडलं नाही. पडल्यावर जरा वेळ बरं चालतं. मग हवेचा जोर वाढतो आणि ती मिशीतून शिट्टी मारत डोळ्यांत जाते. बाबा उठून बसतात. "नाकात पंप घालून झोपायला मी काय सायकलची ट्यूब आहे?" म्हणतात आणि काढून फेकतात. आई उचलते, पुसते, परत लावते. ते परत काढतात. उशाशी बसून राहते.

मशीनवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, काका, मिशी काढा, सगळं सुरळीत होईल. बाबा म्हणाले, "मशीन घेऊन जा. मिशी इथेच राहील."

इकडे माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, घरभर निळ्या बाह्या पसरल्यात. आईच्या मदतीशिवाय होत नाही, पण हल्ली ती काज करता करताच पेंगते. रात्रभर बाबांची पाळी करते, दुसरं काय होणार. माझ्या सैल चपला तिनं घेतल्यात. म्हणते, माझ्या आवळतात.

बोटीचं मी कुणाला बोलले नाही. पण बोटीवरून पत्रं येतात का, हे आधी विचार.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

एकोणीस? तासाला एकोणीस म्हणजे नीट चार मिनिटंसुद्धा सलग नाहीत. आणि तेही मशीन लावून!

इथे प्रथमोपचाराच्या खोलीत एक नर्सबाई आहेत. बराकीतली पोरं त्यांना घाबरतात, कारण त्या गोळी देण्याआधी शिव्या देतात. मी तुझं पत्र त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, मशीनला डोळे नसतात. जाणाऱ्या-येणाऱ्या हवेवरून ते अंदाज बांधतं. हवा बाहेर गळायला लागली की अंदाजही गळतो. तेव्हा गळती मोठी असताना एकोणीसही खरे नाहीत आणि पाचही खरे नाहीत. आधी गळती थांबवा."

मग ते तर माझंच काम आहे! आमच्या कॉम्प्रेसरचा पाइप फुसफुसला की मी क्लिप आवळतो. तू मास्कचे पट्टे आवळ. दोन्हीकडून सारखे, चांगले करकचून. बाबा ओरडतील, ओरडू दे.

आणि त्यांना सांग, मला परवा स्वप्न पडलं. बस चाललीय, सगळे कामगार झोपलेत आणि ड्रायव्हरच्या सीटवरून घोरण्याचा आवाज येतोय. मग तो थांबला. मी मागच्या दांड्याला धरून उभा, पण पुढे जायला पाय उचलेना. इथे नळाच्या आत गेल्यावर स्वतःचाच श्वास कानात मोठा ऐकू येतो ना, तेव्हा दिवसाढवळ्या ते आठवतं आणि मी हातातलं काम थांबवून उभा राहतो. मुकादम म्हणतो, हरवलास का?

तिन्ही आकडे लिही. लवकर.

भोवरा


२ मार्च

भोवऱ्या,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुझ्या सांगण्यावरून मी पट्टे आवळले आणि सकाळी बाबांच्या नाकाच्या दांडीवर रक्ताळलेला वळ. शिवाय गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मशीनवाला पोरगा म्हणाला, ताई, आवळलं की रबराची घडी मोडते, उलट जास्त गळतं. माणसाचं तोंड म्हणजे तुझ्या कॉम्प्रेसरचा पाइप नाही.

पण आता काळजी सोड. गेल्या आठवड्यापासून सगळं सुरळीत झालंय. रोज सात तास, कधी साडेसात. गळती शून्य. काचेवर हिरवं हसरं तोंड येतं. कंपनीच्या डॉक्टरांना मशीनमधून आपोआप सगळं कळतं. त्यांचा फोन आला, छान चाललंय, असंच चालू द्या, महिना भरला की बस चालवायची परवानगी देतो. बाबा आरशासमोर उभे राहून शीळ घालत होते.

फाटकावर बसले असते तर पगार निम्म्यावर आला असता, हे तुला सांगायला नको. घरात आता सगळे हसतात. तू जास्त खोलात जाऊ नकोस. आईची झोप मात्र पुरी होत नाही. दोन उशा घेऊन टेकूनच झोपते, आडवं झालं की कसंतरी होतं म्हणते. वय झालं.

ताई


९ मार्च

ताई,

सुटलो! पत्र वाचून मी वेल्डरला मिठी मारली. त्यानं मला खरंच मारलं. सात तास! गळती शून्य! मी बराकीत सगळ्यांना सांगितलं की माझ्या बापानं मशीनला हरवलं.

नर्सबाईंकडेही नाचत गेलो. त्या म्हणाल्या, "तिसरा आकडा?" मी पत्र उलटंपालटं केलं. तिसरा आकडा नाहीच. ताई, तू पहिल्या खेपेला तीन लिहिलेस आणि आता दोनच. विसरलीस ना? तू तर काजांचीसुद्धा मोजदाद ठेवतेस.

त्या म्हणाल्या, "तास म्हणजे फक्त मास्क तोंडावर होता एवढंच. कंपनी तास बघते, कारण तास बघायला सोपे. श्वास कसा होता ते तिसऱ्या ओळीत." आणि ती ओळ दाबली की तिच्या आत अजून दोन आकडे निघतात. एक 'बंद' आणि एक 'मोकळा'. बंद म्हणजे माणूस श्वास ओढतोय पण घसा मिटलाय. घोरणाऱ्यांचा हा. बाबांच्या पहिल्या तपासणीत सगळे हेच होते. मोकळा म्हणजे वाट उघडी आहे, पण श्वास ओढलाच जात नाही. आतून हुकूमच येत नाही. दार सताड उघडं आणि घरात कोणीच नाही, असं काहीतरी.

तेव्हा ते दोन्ही लिही. मशीनवाल्या पोराकडून श्वासाच्या रेघांचा कागद मिळतो म्हणे, तोही पाठव.

आणि सांगितलं नाहीस ते! बाबांनी मिशी कधी काढली? फोटो पाठव. मी बटाटा, तर ते काय झाले?

भोवरा


१७ मार्च

भोवऱ्या,

मिशी आहे तिथेच आहे. मास्क नीट बसायला लागला, एवढंच.

तू हट्टाला पेटलास म्हणून दाबून बघितलं. तिसरा आकडा चौदा. बंद एक, मोकळे तेरा. रेघांचा कागद सोबत आहे, मला त्यातलं काही कळत नाही. मशीनवाला पोरगा कागद देताना म्हणाला, "काकांना हृदयाचं काही आहे का?" मी नाही म्हटलं. बाबांना काही नाही, ते जिन्यावरून गॅसचा सिलिंडर एका दमात आणतात. तो म्हणाला, मग एकदा डॉक्टरांना दाखवाच.

पण महिना भरत आला म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी सही केलीय. पहिल्या तारखेपासून बाबा बसवर. रात्रपाळी सुटणाऱ्यांची फेरी मिळालीय. इस्त्रीचे कपडे आत्तापासूनच खुंटीला टांगलेत, शेजारी बसची चावी. आता यात मोडता घालू नकोस. तुला लांबून सगळं सोपं वाटतं. इथे भाडं मला भरावं लागतं आणि बाबांचा उतरलेला चेहरा मला बघावा लागतो.

ताई


२४ मार्च

ताई,

हे पत्र शिध्याच्या गाडीची वाट न बघता खाली जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात देतोय. माझं घड्याळ त्याला दिलंय, म्हणजे तो नक्की टाकेल. पहिल्या तारखेच्या आत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर, पुढे लिहवत नाही.

नर्सबाईंनी कागद टेबलावर पसरला आणि बोट फिरवलं. श्वास बारीक सुरू होतो, मोठा होतो, अजून मोठा, मग लहान लहान होत सपाट. सपाट रेघ चालूच राहते. मग परत बारीक सुरू. डोंगर, पठार, डोंगर, पठार. नेहमी शिव्या देणाऱ्या बाईनं कागद परत पहिल्यापासून बघितला. मी म्हटलं, बोला की. त्या म्हणाल्या, "मशीनच्या कागदावरून रोग सांगता येत नाही. जागेपणी कोणी श्वास रोखून पडलं तरी मशीन मोजतं. नव्या माणसाला हवेचा जोर सोसला नाही तरी असं होतं. पण हृदय दमलं असलं तरीही श्वास असाच चालतो. तुझ्या बापाला नीट तपासायला सांग." मग चष्मा काढून म्हणाल्या, "गंमत बघ. महिन्यापूर्वी सगळे बंद होते, आता जवळजवळ सगळे मोकळे. जणू माणूसच बदलला."

त्या सहज बोलल्या. मी बाहेर येऊन मास्क घातला. मुकादमानं तळवा लावला आणि म्हणाला, ओढ श्वास. मी ओढला, आणि मास्क गालाला चिकटला, आणि मला कळलं.

ताई, गळती शून्य. मिशी आहे तिथेच आहे. दोन्ही तूच लिहिलंस. इथे एका दिवसाची खुंटं वाढली तरी माझा मास्क फुसफुसतो, आणि त्या मिशीवर शून्य? काल चाळीस, आज शून्य?

त्या खोलीत बिनमिशीचं तोंड एकच आहे.

आईनं लावलाय ना मास्क? बाबा काढून फेकतात, आणि तास भरावेत म्हणून ती उचलून स्वतःच्या नाकाला लावते. मशीनला काय, त्याला हवा जाते-येते एवढंच कळतं. ते हसरं तोंड दाखवणार. आणि तुला हे माहीत आहे. म्हणूनच तिसरा आकडा नव्हता.

आता माझं काय झालंय ते बघ. महिनाभर मी एका भीतीला धरून होतो, तिच्या पोटातून दोन निघाल्या. बाबांवर एक दिवसही इलाज झालेला नाही आणि ते रात्रपाळीच्या माणसांना घेऊन रस्त्यावर निघालेत. आणि ती सपाट रेघ, ती आईची आहे. चपला आवळतात, दोन उशा लागतात, काज करताना पेंगते. तूच सगळं लिहीत होतीस आणि आपण दोघंही बाबांचा श्वास मोजत बसलो होतो. आईचा कधी कुणी ऐकला?

बाबांना स्टिअरिंगवर बसू देऊ नकोस. चावी लपव, टायरची हवा सोड, काहीही कर. मी तिथे असतो तर बससमोर आडवा पडलो असतो. आणि आईला आजच्या आज डॉक्टरकडे ने.

भोवरा


२ एप्रिल

भोवऱ्या,

तुझं पत्र एकतीस तारखेला दुपारी आलं. ट्रकवाल्यानं घड्याळाची किंमत राखली.

होय. मला माहीत होतं. आकडे सुधारले त्याच आठवड्यात एका रात्री मी मशीनच्या टाकीतलं पाणी बदलायला आत गेले, तर आई मास्क लावून टेकून बसलेली आणि बाबा भिंतीकडे तोंड करून घोरतायत. तिनं ओठांवर बोट ठेवलं. सकाळी म्हणाली, "महिनाभराचा तर प्रश्न. त्यांना स्टिअरिंग मिळालं की सवय लावू. तू फक्त भावाला काही कळू देऊ नकोस, तो तिकडे जीव जाळत बसेल." बाबांनाही ठाऊक होतं. आम्ही तिघंही हिरव्या हसऱ्या तोंडाकडे बघायचो आणि चहा प्यायचो. तिसरा आकडा मी रोज बघायचे. वाटायचं, आई जागी असते, म्हणून काहीतरी येत असेल.

पत्र मी एकटी वाचत होते. "बिनमिशीचं तोंड" इथपर्यंत आले आणि पत्र मिटलं. मग उठले, जेवायच्या टेबलाशी गेले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. तूच सांगतोस ना नेहमी, मोठ्यानं वाचून दाखव.

आई मधेच म्हणाली, "मला काय धाड भरलीय? त्याला उगाच घाबरायची सवय आहे."

बाबांनी हात वर केला. "पुढचं वाच."

वाचून झालं. बाबा आईच्या पायांकडे बघत होते. माझ्या सैल चपलांचे पट्टेसुद्धा पायात रुतलेले.

"पाय कधीपासून सुजतायत?" बाबांनी विचारलं.

"उभं राहून राहून सुजतात."

"तू उभी कधी असतेस? रात्रभर माझ्या उशाशी बसलेली असतेस."

त्या रात्री बाबांनी मशीनला हात लावला नाही. आईला दोन उशांवर टेकवलं आणि स्वतः खुर्ची घेऊन बसले. मी दारात. ती झोपली. श्वास मोठा मोठा झाला, मग बारीक, मग नाही. भोवऱ्या, नाहीच. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. मी त्यांचा हात धरला. किती वर्षांनी, आणि तुझ्याऐवजी त्यांचा. मग आला श्वास. ते खाली बसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

बाबा मला हळूच म्हणाले, "माझंही असंच होतं?"

"याहून वाईट. तुमचं अडतं, मग तुम्ही झटापट करता."

"आणि तुम्ही पोरं हे ऐकत झोपायचात?"

ते म्हणाले, "झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. मला वाटायचं, तुम्ही सगळी मिळून माझी थट्टा करता." मग आईचं पांघरूण सारखं केलं. नंतर म्हणाले, "रात्रपाळीची माणसं गाडीत बसली की लगेच डोळे मिटतात. माझ्या भरवशावर. आणि मी त्यांच्या पुढे बसून तेच करणार होतो."

सकाळी त्यांनी इस्त्रीचे कपडे घातले. चावी मी गणवेशांच्या गठ्ठ्यात लपवली होती. म्हणाले, "दे चावी." मी म्हटलं, देणार नाही. म्हणाले, "अगं, परत करायला जातोय." मी सोबत गेले. डेपोच्या साहेबांच्या टेबलावर चावी ठेवून त्यांनी सरळ सांगितलं, आकडे माझे नाहीत, बायकोचे आहेत. साहेबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते खूप बोलले. सगळ्यांदेखत. बाबा मान खाली घालून उभे राहिले. त्यांची मान खाली मी पहिल्यांदाच बघितली. फाटकाची जागा मिळालीय, तीही हातापाया पडून. पुन्हा बस मिळेल की नाही, कोणी सांगत नाही.

तिथून आम्ही आईला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच. कागद बघून त्या आमच्यावरच चिडल्या. दुसऱ्याचं मशीन औषधासारखंच असतं, वाटेल त्याला लावायचं नाही. आईला आता ते लावायचं नाही. पाणी उतरायची गोळी दिलीय आणि हृदयाचा फोटो काढायचा आहे. त्याआधी काही सांगता येणार नाही म्हणाल्या. मी विचारलं, घाबरण्यासारखं आहे का? त्या म्हणाल्या, वेळ घालवू नका. हे उत्तर आहे का, तूच सांग.

तपासणीचे पैसे भरले की तारीख मिळते. माझे गणवेशांचे पैसे शाळा सुरू झाल्यावर येणार.

संध्याकाळी बाबा न्हाव्याकडे जाऊन आले. आईनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" मग तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. काल मास्क पाच तास टिकला. गळती तीन. तिसरा आकडा सहा, सगळे बंद. म्हणजे बाबांचेच.

मी तुला फसवलं. त्यावर नंतर भांड. आत्ता नको.

ताई


९ एप्रिल

ताई,

भांडण राखून ठेवलंय. भेटल्यावर काढू, व्याजासकट.

पत्र नळाच्या तोंडाशी बसून वाचलं. बाबा चावी घेऊन निघाले तिथे माझाच श्वास अडला होता. डेपोतलं मी दोनदा वाचलं नाही. एकदाच पुरे. त्यांना सांग, सोललेल्या बटाट्यांच्या घरात स्वागत आहे. आणि पाच तास म्हणजे पाचच, सात म्हणून लिहू नकोस. खोट्या सातापेक्षा मला खरे पाच पुरतात.

आईचं मात्र सारखं डोळ्यांपुढे येतं. ती रेघ. नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, गोळी वेळेवर, मीठ कमी, पाय वर, आणि तारीख चुकवू नका. मी म्हटलं, बरी होईल ना? त्यांनी मला शिवी दिली नाही. तेव्हापासून मी जास्त घाबरलोय.

आता बराकीत दिवा मालवला की मी दुसऱ्याच्या घोरण्याकडे कान देत नाही. घोरणारा माणूस सगळ्यांना ऐकू येतो. शांत झोपलेल्यांकडे बघतो, छाती हलते का ते. वेल्डर म्हणतो, हा पोरगा वेडा झाला. तू आईच्या खोलीत अंथरूण टाक. हातभर अंतरावर. तिला आवडणार नाही, तरी टाक.

बोटीचा एजंट परवा खाली चौकीवर येऊन गेला, माझं नाव पुकारत होता. मी नळातून बाहेर आलोच नाही. भोवऱ्याला कधीतरी थांबावं लागतंच, नाहीतर तो कलंडतो. मुकादमाला सांगितलंय, पावसाळ्यापर्यंत मी इथेच.

मशीनला फाटा देऊ नका, तारीख पुढे ढकलू नका, आणि आई म्हणेल "मला काय धाड भरलीय", तर तिला उचलून न्या. फोटोत काय दिसलं ते जसंच्या तसं लिही. वाईट असेल तर वाईट लिही. "बरं आहे" असं आलं तर मी पत्र फाडून पायी निघेन.

एजंटासाठी साठवलेले सगळे आणि या महिन्याचा उरलेला पगार ट्रकवाल्यासोबत पाठवतोय. तपासणी, गोळ्या, आईला मोठ्या मापाच्या चपला, बाबांना नवा मास्क. एकतीस हजार चारशे. मोजून घे.